बॅग नंतर भरू, आधी दुपारच्या तीनचं बोलू

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकलं तर सांग. तू मिरजेची, वय २४, बी.एस्सी. नर्सिंग झालंय, जर्मन भाषेची बी-टू पातळी झालीय आणि दोन महिन्यांनी श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात रुजू व्हायचंय. शाकाहारी आहेस, अंडं चालतं. तू तीन गोष्टी विचारल्यास. २३ किलोच्या दोन बॅगांत सहा महिन्यांचं काय काय न्यायचं, रोज त्यांचंच खावं लागेल का, आणि सुट्टीच्या दिवशी कुठं कुठं फिरलं म्हणजे ‘तिथली संस्कृती अनुभवता येईल’. माझी मुलगी तुझ्याच वयाची, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते.

मी तासगावकडची, द्राक्षबागेतली पोर. नवऱ्याची नोकरी मशीन-टूलच्या कारखान्यात, त्यामुळं आम्ही नऊ वर्षं श्टुटगार्टशेजारच्या एसलिंगनच्या बाजूला राहिलो. त्यातली सात वर्षं मी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काढली. आधी भांडी, मग संध्याकाळच्या ब्रेडचं टेबल, मग वाढपाची सगळी जबाबदारी. परत आल्यापासून सांगलीत विश्रामबागला जर्मन शिकवते. तुझ्यासारख्या मुली क्लासला येतात, तिकडं जातात, सुट्टीला आल्या की भेटून जातात. तेव्हा हे सगळं थोडं माझं आणि थोडं त्यांचं.

बॅगेचा प्रश्न सोपा आहे, तो शेवटी घेऊ. जेवणाचे हाल झाले म्हणून परत आलेली एकही मुलगी मी पाहिली नाही. पण दीड-दोन वर्षं राहून एकाही शेजारणीच्या स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेल्या बऱ्याच पाहिल्या, आणि त्यात पहिली मीच. फोनमध्ये नॉयश्वानश्टाइनच्या किल्ल्यापुढचे चाळीस फोटो असतात, आणि भिंतीपलीकडच्या घरात रविवारी काय शिजतं ते ठाऊक नसतं. म्हणून तू ‘काय नेऊ’ आणि ‘काय बघू’ असं विचारलंस तरी मला ते असं ऐकू येतं: त्या लोकांच्या रोजच्या जगण्यात मला बसायला जागा कशी मिळेल? त्याला माझं एकच सांगणं आहे. ताटात काय घ्यायचं ते तुझं तू ठरव, पण जेवायची, बसायची, भेटायची वेळ त्यांची घे.

यात परिस्थितीचा भाग मोठा आहे, हे आधीच कबूल करते. स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं तर एक, चौघींत एक शेगडी असेल तर दुसरं. गावातून शेवटची बस कितीला सुटते यावरही संध्याकाळ ठरते. तुझा शाकाहार ‘मांस नको’ एवढाच आहे, की मांसाचा चमचा आमटीला लागलेला चालत नाही, हे तुझं तुलाच माहीत. दुसरं असेल तर बाहेरचं खाणं फार थोडं उरेल, आणि त्यात काही कमीपणा नाही. वार्डात सोबतीला कोण मिळतं हे तर नशिबावर. पण वेळेचं म्हणते ते या सगळ्या परिस्थितींत जमतं.

आता तीन वाजताचं. माझी सकाळची पाळी सहाला सुरू होऊन दोनला सुटायची. घरी येऊन हातपाय धुतले की तीन. तिकडं तीन म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ फिरवतात, म्हणून हा तासाचा फरक. आई देवापाशी दिवा लावून मोकळी झालेली असायची, मग तासभर फोन. भाजी काय केलीस, कृष्णेला पाणी किती आलंय, कुणाचं लग्न ठरलं. फोन ठेवला की मला बरं वाटायचं आणि पाच मिनिटांनी घर खायला उठायचं.

दुपारी तीन हीच नेमकी तिथली ‘काफे उंट कूखन’ची वेळ. कॉफी आणि केक. आपल्याकडं कुणी दारात आलं की आधण चढतं. तिकडं कॉफीचं बोलावणं आठवडा-आठवडा आधी ठरतं, आणि वेळ बहुतेक तीन-साडेतीनचीच. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, तीनला माझा आईशी फोन असतो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. राग नव्हता बरं का. मला वेळ नाही असं मी सांगितलं आणि त्यांनी ते खरं मानलं, एवढंच. दीड वर्षानं मी आईचा फोन साडेपाचवर नेला. म्हणजे इकडं रात्रीचे नऊ-दहा. मालिका बुडते म्हणून आई आठवडाभर कुरकुरली. मग मीच रव्याचा केक करून खाली गेले आणि विचारलं, पुढच्या बुधवारी तीनला जमेल का? त्यानंतरची साडेसात वर्षं आणि आधीचं दीड वर्ष, ही जणू दोन वेगळ्या देशांतली होती.

तुझी दुपारची पाळी असेल तर तीनला तू वार्डातच असशील आणि कॉफी तुलाच द्यावी लागेल. तेव्हा ट्रे ठेवून पळू नकोस. दोन मिनिटं मिळाली तरी खुर्ची ओढून बस.

वृद्धाश्रमाचं घड्याळ साधारण असं चालतं: आठच्या सुमारास नाश्ता, बाराच्या आत-बाहेर दुपारचं गरम जेवण, तीनला कॉफी, साडेपाच-सहाला संध्याकाळचा ब्रेड. त्याला ‘आबेंटब्रोट’ म्हणतात, तुझ्या भागात ‘फेस्पर’ हा शब्द जास्त ऐकशील. ब्रेड, चीज, काकडीचं लोणचं, टोमॅटो, सोबत चहा. गरम काही नाही. पहिले सहा महिने मला अपराध्यासारखं वाटायचं, की म्हाताऱ्या माणसांना आपण संध्याकाळी गार जेवायला घालतो. एकदा मी आग्रहानं सूप लावलं. अर्ध्याहून जास्त वाट्या तशाच परत आल्या. एक आजी म्हणाल्या, मी काय आजारी आहे? त्यांच्या लेखी संध्याकाळचं गरम म्हणजे आजाऱ्याचं. दुपारी पोटभर गरम खाल्लंय, आता हलकं खाऊन लवकर झोपायचं, यात दुःख कसलं?

आठवड्यालाही चाल असते. आमच्याकडं शुक्रवारी मासे, शनिवारी एकाच भांड्यात शिजलेलं काहीतरी दाट, रविवारी भाजलेलं मांस आणि श्पेत्सल. आपले सोमवार, गुरुवार, चतुर्थ्या असतात तसंच. एक आजोबा होते, त्यांना महिना सांगता यायचा नाही, मुलाचं नाव आठवायचं नाही. पण माशांचा वास आला की म्हणायचे, आज शुक्रवार. तू नर्स आहेस, या गोष्टीचा उपयोग तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

श्पेत्सल म्हणजे अंड्या-मैद्याच्या जाडसर, आखूड शेवया. उकळत्या पाण्यात पाडतात. त्यांच्याकडचा श्पेत्सलचा दाबयंत्राचा साचा पाहिला आणि मला हसूच फुटलं. हुबेहूब आपला सोऱ्या. पुढच्या वेळी सांगलीहून जाताना पितळी सोऱ्या नेला आणि शेवेची जाड चकती लावून आमच्या मुख्य स्वयंपाक्यासमोर श्पेत्सल पाडले. तो म्हणाला, चव ठीक, पण फळीवरून सुरीनं पाडलेले ते खरे. प्रत्येक गावात असा एक माणूस असतोच, ज्याला पाट्यावरचंच वाटण लागतं.

अंडं चालतं म्हणून तुझं बरंच सोपं होईल. चीज आणि तळलेला कांदा घातलेले ‘केस-श्पेत्सल’ हे तुझं पोटभरीचं जेवण. आणि दुसरं मसूर. हो, मसूर. श्वाबेन भागात, म्हणजे तू चाललीस तिथंच, ‘लिन्झन मिट श्पेत्सल’ हे घराघरातलं जेवण आहे. अख्खा मसूर शिजवून वर थोडं व्हिनेगर, शेजारी श्पेत्सल आणि सॉसेज. कराड-इस्लामपूरच्या रस्त्याला अख्खा मसूर खाल्लेल्या माणसाला पहिला घास अळणी लागतो. तिसऱ्या खेपेला मी तो मागून घेतला. जवळच्या डोंगरपट्ट्यावर, श्वेबिश आल्ब म्हणतात त्यावर, पूर्वी मसुराची स्वतःची जात पिकायची. पीक परवडेना म्हणून लोकांनी सोडलं आणि बियाणंच गेलं. ते २००६ मध्ये रशियात सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बियाणं-संग्रहात सापडलं, आणि आता शेतकरी पुन्हा पिकवतात. ही गोष्ट एखाद्या शेतकरी आजोबांना विचारून बघ, तुझी पाळी संपेल पण ते थांबायचे नाहीत.

फक्त सावध राहा, या मसुरात डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे घालायची पद्धत आहे. त्याला ‘श्पेक’ म्हणतात आणि बऱ्याच लोकांच्या हिशेबात श्पेक म्हणजे मांस नव्हे, फोडणी. म्हणून ‘मांस नको’ एवढं पुरत नाही. ‘मी फेगेटारिश आहे, यात श्पेक किंवा मांसाचं पाणी आहे का?’ असं पूर्ण विचारायचं. तिथल्या बटाट्याच्या सॅलडमध्ये बहुधा मांसाचं पाणी असतं, दिसत मात्र नाही. कांद्याच्या केकमध्येही श्पेक असतो. रबरासारख्या गोळ्या, काही दही-मिठाया, केकवरचा चमकता थर यांत जिलेटिन असू शकतं, तेही जनावरांपासूनचं. काही बेकऱ्या ब्रेत्सलच्या, म्हणजे गाठ मारल्यासारख्या खारट ब्रेडच्या पिठात चरबी घालतात, विचारलं तर सांगतात. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय होतच नाही. पाकिटावर पिवळ्या-हिरव्या रंगातलं ‘व्ही’ चिन्ह शोधायची सवय लावून घे. आणि चुकून एकदा काही खाल्लं गेलं तर दोन दिवस रडत बसू नकोस, माझ्या विद्यार्थिनींत असं न झालेली कुणी नाही.

माउलटाशन नावाचा पदार्थ तुला दिसेल. मैद्याच्या पारीत सारण भरून उकडलेलं चौकोनी पुडकं. सारणात मांस, पालक, ब्रेड. ईस्टरच्या आधीच्या उपवासात मांस वर्ज्य, म्हणून म्हणे भिक्षूंनी ते पारीत दडवलं, देवाला दिसू नये म्हणून. त्याला गमतीनं ठेवलेलं नावही ‘देवाला फसवणारे’ अशाच अर्थाचं आहे. श्रावण पाळणाऱ्या आपल्या गावांतही असे कलाकार आहेत, नावं घेत नाही. भाज्यांचं सारण भरलेले माउलटाशन दुकानात मिळतात, ते तुझे.

आता टेबलावरच्या गोष्टी. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी: तिकडं ‘नको’ म्हणजे नको. आपण पहिल्यांदा नको म्हणतो ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा संकोच म्हणून, तिसऱ्यांदा वाढून घेतो. मी पहिल्यांदा एका घरी जेवायला गेले, दुसऱ्या वाढीला ‘नको’ म्हटलं आणि भांडं उचलून आत गेलं. उपाशी घरी येऊन भात टाकला. उलट मी त्यांना आग्रह केला की त्यांना ती जबरदस्ती वाटायची. पाचदा वाढलं तर प्रेम, हे त्यांना समजावून सांगता येतं, पण ते जेवताना नव्हे.

दुसरी गोष्ट वाढदिवसाची. ज्याचा वाढदिवस, त्यानंच केक न्यायचा. आणि दिवस उजाडण्याआधी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. तसंच नवीन माणूस नोकरीला लागला की तो सगळ्यांना काहीतरी खायला घालतो, त्याला ‘आइनश्टांट’ म्हणतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तू हे कर. काय करू, तर तिखट नको. माझी पोरी-पोरींत चाललेली युक्ती सांगते: श्रीखंड. तिकडं ‘क्वार्क’ मिळतो, अगदी चक्क्यासारखा. ४० टक्के फॅट लिहिलेला घे, फडक्यात बांधून दोन तास टांग, साखर आणि वेलची. केशराच्या चार काड्या बॅगेत जागा घेत नाहीत. हे सहकाऱ्यांसाठी बरं का, आश्रमातल्या लोकांना घरचं काही परस्पर खाऊ घालू नकोस. कुणाला साखर, कुणाला गिळायचा त्रास, आणि स्वच्छतेचे नियम कडक. आधी विचारायचं.

तिसरी: जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांबरोबर बस. सहा तासांहून जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची सुट्टी कायद्यानंच मिळते. त्या अर्ध्या तासात मुली कोपरा धरून घरी फोन लावतात. तुझ्या डब्यात चपाती-भाजी असली तरी चालेल, पण टेबल तेच हवं. बाराच्या सुमारास जिन्यात कुणी ‘मालत्साइट!’ म्हणून गेलं तर घाबरू नकोस, जेवणाच्या वेळचा तो राम राम आहे. तूही तेवढंच म्हणायचं.

आता थोडं थांबून एक सांगते, कारण हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं एक आजी होत्या, संध्याकाळी ब्रेडच्या कडा रुमालात बांधून उशीखाली ठेवायच्या. रोज सकाळी आम्ही काढून टाकायचो आणि त्या रोज ठेवायच्या. मी नवी होते, मला वाटलं, विसरभोळेपणा. एका नर्सनं सांगितलं, की १९४६-४७चा हिवाळा त्यांनी मुलगी म्हणून काढलाय. युद्ध संपलेलं, शहरं पडलेली, थंडी भयंकर आणि रेशनवर जेमतेम. त्यानंतर ब्रेड टाकवत नाही. मला एकदम माझी आजी आठवली. बाहत्तरच्या दुष्काळात आटपाडीकडं माहेरी होती. अमेरिकेतून आलेला मिलो, ती लाल ज्वारी, आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले. मरेपर्यंत तिनं भाकरीचा तुकडा कोंबड्यांनासुद्धा विचार करून टाकला. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी हे त्या आजींना सांगितलं. कळलं किती देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी रुमालातली एक कड काढून माझ्या हातावर ठेवली. आता तुझ्या वाट्याला येणारी माणसं बहुतेक युद्धानंतर वाढलेली असतील, त्यांच्या आठवणी वेगळ्या असतील. पण कुणाचं ब्रेडशी, बटाट्याशी, साखरेशी काहीतरी असतंच. ते कळायला वार्डाहून चांगली जागा नाही, आणि तुला त्याचा पगारही मिळणार.

भाषेचं एक कामाचं. तुझं बी-टू पुस्तकातलं. तिथले म्हातारे श्वेबिश, म्हणजे त्या भागातली बोली बोलतात. त्यांच्या तोंडी ‘टेपिश’ म्हणजे गालिचा नव्हे, पांघरायची घोंगडी. थंडी वाजते, टेपिश आण, म्हटल्यावर माझी एक विद्यार्थिनी पायपुसणं घेऊन गेली होती. ‘हेबन’ म्हणजे पुस्तकात उचलणं, तिकडं धरणं. रुग्णाला उठवताना हा घोळ धोक्याचा आहे, म्हणून आधीच विचारून घे. आणि ‘फूस’ म्हणजे पुस्तकात पाऊल, पण श्वेबिशमध्ये कमरेपासून खाली सगळा पाय. हे मात्र आपल्याला सोपं. मराठीतही ‘पाय दुखतो’ म्हटलं की डॉक्टर विचारतातच, कुठं, वर की खाली? तूही तसंच विचार. ‘झी’ आणि ‘डू’चं तुला शिकवायला नको, आपल्याकडं तुम्ही-तू आहेच. आश्रमातल्या प्रत्येकाला ‘झी’, मग तो कितीही लहान मुलासारखा वागो.

राहत्या घराचं. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारी दिवसभर. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच सामान आणायचं. बेकरी थोडा वेळ उघडते, मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं चालू असतात. पहिल्या रविवारी जवळपास प्रत्येक मुलगी दूध संपवून बसते. रविवारी ड्रिल, मिक्सर, जोरात धुणं असलं काही करू नकोस. कुकरच्या शिट्ट्यांनी माझ्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ धावत खाली आले होते, त्यांच्याकडचे कुकर शिट्टी मारत नाहीत. नंतर मीही तिथलाच घेतला. ठेच्याच्या मिरच्या तव्यावर भाजल्या आणि छतावरचा धुराचा अलार्म वाजला, तेव्हा पूर्ण जिना गोळा झाला. हॉस्टेलात तो अलार्म थेट अग्निशामक दलाला जोडलेला असू शकतो, आणि गाडी फुकट येत नाही. मिरच्या कच्च्याच वाट. फोडणी देताना खोलीचं दार लावून खिडकी उघडी ठेव, आणि कोट स्वयंपाकघरात टांगू नकोस. लोकरीत हिंग बसला की महिनाभर बसमध्ये तुझी ओळख पटते.

एक दिवस दाराच्या कडीला एक पाटी अडकवलेली सापडेल, त्यावर ‘केअरवोख’ लिहिलेलं. मी ती शोभेची समजून आठवडाभर कौतुकानं बघितली. ती जिना झाडायची पाळी असते. त्या आठवड्यात जिना, कधी अंगण आणि फूटपाथही, तुझ्याकडं. श्टुटगार्टात आपापली घाण दर आठवड्याला बाहेर न्यायचा नियम १४९२चा आहे, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही. गावभागातल्या वाड्यात नळाच्या पाळ्या असायच्या, तसं समज. पण मी पुढं एक पाहिलं. झाडून झाल्यावर पाटी पुढच्या दारावर अडकवायला गेलं की दार उघडतं, दोन वाक्यं होतात. माझ्या निम्म्या ओळखी त्या पाटीनं करून दिल्या.

मराठी मंडळाचंही सांगते. जा की. गणपतीला, दिवाळीला नक्की जा, आपलं बोलायला मिळालं नाही तर माणूस आतून सुकतं. पण प्रत्येक शनिवार-रविवार तिकडंच जायला लागलीस तर गावातली ओळख होणार नाही. त्यासाठी गावातल्या एका ‘फेराइन’मध्ये नाव घाल. म्हणजे मंडळच: गाण्याचं, चालण्याचं, बागेचं. डोंगर चढायला आवडत असेल तर श्वेबिशर आल्बफेराइन आहे, १८८८ पासूनचं. आपल्या सज्जनगड-अजिंक्यताऱ्यावर चढलेल्या पायांना तिथले डोंगर जड नाहीत. आणि कुणी ‘माझ्या श्ट्युकलवर ये’ म्हटलं तर लगेच हो म्हण. श्ट्युकल म्हणजे गावाबाहेरचा फळझाडांचा तुकडा, सफरचंदं, नासपती. आपण मळ्यावर नेतो तसं ते नेतात. कामही करायला लावतात, ते कर. तीच मैत्री.

फिरायचं थोडक्यात. सप्टेंबरअखेरीस श्टुटगार्टातल्या कानश्टाटची जत्रा भरते. बिअरचे तंबू वगळले तरी मधोमध उभा केलेला फळा-धान्यांचा उंच खांब बघून ये. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, उपासमार झाली. त्यातून सावरताना राजानं १८१८ मध्ये शेतीचं प्रदर्शन म्हणून ही सुरू केली. कराडचं कृषी प्रदर्शन पाहिलेल्याला ओळखीचं वाटेल. वसंतात पांढऱ्या श्पार्गलचा, म्हणजे शतावरीच्या कोंबांचा हंगाम, २४ जूनला बंद. हुरड्यासारखाच, तेवढ्या दिवसांत लोक दुसरं बोलत नाहीत. द्राक्षाच्या गावांतून कुठं दारावर केरसुणी टांगलेली दिसली तर आत जा. शेतकरी वर्षातले थोडे महिने घरातच खानावळ चालवतात. दारू नको असेल तर द्राक्षाचा रस मागायचा. मी तिथं बसून आमच्या बागेच्या छाटणीवर वाद घातलाय. किल्ले नंतरही राहतील.

आता बॅग. दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपीय संघात बाहेरून स्वतःसाठीसुद्धा नेता येत नाहीत. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे, तूप, खवा सगळं घरी ठेव. आई ऐकणार नाही, तिला हे वाचून दाखव. तुपाला तिकडं ‘बुटरश्माल्त्स’ म्हणतात, कुठल्याही दुकानात मिळतं. ताजा कढीपत्ता, मिरच्या, लिंबंही नकोत, नारळ चालतो. कांदा-लसूण मसाला एक किलो, शेंगदाण्याची चटणी, भडंग पहिल्या महिन्यापुरतं, हिंग, गोडा मसाला. डाळ-तांदूळ नेऊ नकोस, श्टुटगार्टात भारतीय आणि तुर्की दुकानं आहेत. हळद ने, पण पाव किलोच. तिकडच्या कॅफेत हळदीचं दूध ‘कुर्कुमा लाटे’ म्हणून विकतात, सांगलीच्या माणसानं भाव बघू नये.

ज्वारीचं पीठ दोन किलोच्या वर नको. जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना फुटते. चपातीला तिथला साधा मैदा, पाकिटावर ४०५ लिहिलेला, घेऊ नकोस. तो आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. १०५० आणि ‘फोलकोर्न’, म्हणजे अख्ख्या गव्हाचं पीठ, अर्धं-अर्धं मिसळ, नाहीतर भारतीय दुकानातली कणीक. तवा मात्र सपाट बुडाचा, लोखंडी. तिकडं गॅस क्वचित, काचेच्या सपाट शेगड्या असतात. खोलगट तवा त्यावर डुगडुगतो आणि ॲल्युमिनियमची भांडी इंडक्शनवर तापतच नाहीत. तुझ्या खोलीत कुठली शेगडी आहे ते तुझ्या संस्थेला आजच विचारून इथं लिही, मग कुकरचं सांगते. आणि तिकीट दुबईमार्गे असेल तर खसखस काढून ठेव, तिथं तिला बंदी आहे. तुमच्या घरच्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस घालतात का, तेही आईला विचार.